मुलाला सेवा शिकवायची आहे, पण तो विचारतो, ‘किती देणार?’

लातूरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. मुलगी दहा वर्षांची. वडिलांचं मार्केट यार्डात आडत दुकान. मुलांना दुसऱ्यासाठी काही करायची सवय लागावी म्हणून गेली तीन वर्षं दोघांचे वाढदिवस त्या एका बालगृहात करतात. केक, खाऊ, वह्यावाटप, फोटो. यंदा मुलगा गाडीतून उतरलाच नाही. ‘तुम्ही वाटा, फोटोला बोलवा’ म्हणाला. घरातल्या कामाला हात लावावा म्हणून आईनं एका कामाचे दहा रुपये ठरवून दिले होते. परवा शेजारच्या आजींची बीपीची गोळी आणून दे म्हटलं, तर आजींसमोरच त्यानं विचारलं, ‘किती देणार?’ आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडील म्हणतात, दहावी होऊ दे, मग समाजसेवा. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी हे शिकवावं लागत नव्हतं. ‘मुलगी न सांगता सगळं करते, याच्यातच काही कमी राहिलं का? वर अभ्यासाच्या वेळेत खाली जाऊन वॉचमनच्या मुलाला सायकल शिकवत बसतो. त्या लेकराचे पाय धड जमिनीला टेकत नाहीत, पण याचा तास तिथं जातो. सक्ती करू की सोडून देऊ?’ असं त्या विचारतात.

ताई,

सायकलची गोष्ट तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, तक्रार म्हणून लिहिली आहे. मी तिथूनच सुरू करते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या ओळीत दिसतं.

सायकल शिकवायची म्हणजे काय करावं लागतं, आठवून बघा. कॅरियर धरून, कमरेत वाकून, मागं मागं पळायचं. पोरगं एका बाजूला कललं की त्याच्यासकट सायकलचं वजन आपल्या मनगटावर घ्यायचं. ‘सोडू नको, सोडू नको’ असं तो ओरडत असताना ‘धरलंय रे’ म्हणत नेमकं कधी सोडायचं, हे ओळखायचं. पडला तर आधी त्याचा गुडघा बघायचा, मग आपल्या सायकलचा खरचटलेला रंग. तेरा वर्षांचा मुलगा हे रोज तासभर करतो आहे. त्याला कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही, फोटोही कुणी काढत नाही. उलट वर गेल्यावर बोलणी बसतात, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली जातो.

तुमच्या मुलात काहीही कमी राहिलेलं नाही, ताई. जिथं आपली गरज आहे हे त्याला कळतं, तिथं तो जातो. बालगृहात त्याची गरज कुणालाच नव्हती. तो उतरला काय, न उतरला काय, केक कापला जाणारच होता.

त्या वाढदिवसाकडे जरा दुसऱ्या बाजूनंही बघू या. तिथली मुलं रांगेत बसवलेली असतात. अनोळखी घरातली माणसं येतात. त्यांच्यातल्या एका मुलाचा वाढदिवस असतो, आपल्याला मात्र टाळ्या वाजवायच्या असतात. वही घेताना कॅमेऱ्याकडे बघायचं असतं. तुमचा मुलगा आठवीत आहे, आणि रांगेतली काही मुलंही आठवीतलीच असणार. आपल्याच वयाच्या मुलाच्या हातावर वही ठेवायची आणि त्यानं मान खाली घालून ती घ्यायची, हे दहाव्या वर्षी सुचत नाही. तेराव्या वर्षी ते टोचायला लागतं. तो गाडीत आळसानं बसून राहिला की लाजेनं, हे मला इथून सांगता येणार नाही. तुम्ही विचारा. ‘का नाही उतरलास’ असं विचारलंत तर तो उलट उत्तर देईल. ‘तिथं तुला काय नको वाटतं’ असं विचारलंत तर कदाचित खरं बोलेल.

फोटोंचं मात्र मी तुम्हाला स्पष्टच सांगते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता किंवा फोटो कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करायला मनाई आहे. हौसेनं ठेवलेलं व्हॉट्सॲप स्टेटससुद्धा शेकडो लोक बघतात. तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी मोबाइलमधले ते फोटो आज काढून टाका.

याचा अर्थ देणं थांबवा असा घेऊ नका. अशा संस्था लोकांच्या देणगीवर चालतात आणि आपण हात आखडला तर तिथल्या मुलांचेच हाल होतील. फक्त आधी फोन करून अधीक्षकांना विचारा, ‘या महिन्यात कशाची नड आहे?’ बहुतेक वेळा उत्तर अगदी साधं मिळतं. अंघोळीचा साबण, खोबरेल तेल, मुलींसाठी सॅनिटरी पॅड, बिघडलेल्या मोटरची दुरुस्ती. ते गुपचूप पोचवा आणि मुलाचा वाढदिवस घरी त्याच्या मित्रांबरोबर करा. मित्रांत वॉचमनचा मुलगाही असू द्या, तोही वाढायला नव्हे, जेवायला.

आधी विचारावं, हे मी बाराव्या वर्षी शिकले, आणि ज्या दिवसात शिकले ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला आले होते तेव्हा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. आम्ही औशात राहत होतो, मी सातवीत होते. किल्लारीकडची बातमी आली तशी आमच्या गल्लीत चुली पेटल्या. आम्हा लेकरांचं काम एवढंच की घरोघरी जाऊन भाकरी गोळा करायच्या, धडप्यात बांधायच्या आणि चौकात उभ्या राहिलेल्या टेम्पोत नेऊन ठेवायच्या. चार-सहा दिवसांनी आई मला सोबत घेऊन गेली. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडले होते, पावसात भिजलेले. साड्या, कोट, लहान मुलींचे झालरीचे फ्रॉक, एका पायाचे बूट. गावोगावच्या लोकांनी मनापासून पाठवलेलं होतं सगळं. त्या ढिगाशेजारी पत्र्याखाली एक आजी बसल्या होत्या. आईनं त्यांच्यापुढं लुगडं धरलं. त्यांनी हातानंच बाजूला सारलं आणि म्हणाल्या, ‘कापडं लई झाली, बाई. तवा असंल तर बघ. दुसऱ्याच्या हातची भाकर किती दिस खाऊ?’

दुसऱ्या खेपेला आईनं घरातला तवा आणि काठवट नेली. आजींनी तीन दगडांची चूल मांडली, भाकरी थापली. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. ती इतकी गरम होती की मला धरवेना, मी या हातातून त्या हातात करत होते. त्या आजींचं घर गेलं होतं, घरातली माणसं गेली होती, आणि तरी त्यांना आधी कुणाला तरी वाढायचं होतं. बारा वर्षांच्या मला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण त्या दिवसापासून कुणाकडे काही न्यायचं म्हटलं की मला आधी तो तवा आठवतो.

तुमच्या मुलाला असाच एखादा तवा सापडायला हवा. शेजारच्या आजींपासूनच सुरुवात होऊ शकते. त्यांची बीपीची गोळी दर महिन्याला संपते. ती कधी संपते हे लक्षात ठेवायचं, चिठ्ठी जपायची, दुकानातून आणायची, उरलेली मोड हातात द्यायची, हे सगळं त्याच्याकडे सोपवा. तुम्ही आठवण करू नका. गोळी एक दिवस चुकली तर आजींना काय होतं, हे त्याला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. (सुरुवातीचा महिना-दोन महिने आजींकडे एक पाकीट शिल्लक आहे ना, एवढं मात्र तुम्ही मागून बघत राहा. लेकराला शिकवण्यापायी म्हातारीचा जीव टांगणीला नको.) आणि आजींनाही त्याला काही देऊ द्या. शेंगदाण्याचा लाडू असेल, रझाकारांच्या वेळच्या आठवणी असतील. फक्त घेत राहणं कुठल्याच वयात सोसवत नाही.

आता दहा रुपयांकडे येऊ. इथं चूक तुमची आहे, ताई, पण ती निम्म्या घरांत होते, म्हणून जास्त मनाला लावून घेऊ नका. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की दीड वर्षाची मुलंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू आपण होऊन उचलून देतात. सांगावंही लागत नाही. २००८ मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग केला. वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल बक्षीस म्हणून वस्तू दिली, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढच्या फेरीत बक्षीस मिळालेली मुलं इतरांपेक्षा कमी वेळा मदतीला गेली. बक्षीस आलं की मनातली मूळ ओढ मागं सरकते. तुमच्या मुलानं आजींसमोर दर विचारला, तो त्याचा उद्धटपणा नव्हता. घरात जो व्यवहार शिकवला गेला, तोच त्यानं दारात केला. बाप आडतीवर बसतो. दर ठरल्याशिवाय माल उचलत नाहीत, हे तर तो लहानपणापासून बघतो आहे!

म्हणून त्याला बसवून सरळ सांगा, ‘कामाचे पैसे लावले ही माझी चूक झाली. आजपासून ते बंद. घर चौघांचं आहे, काम चौघांचं.’ आईनं चूक कबूल केली की मुलं बिथरत नाहीत, उलट ऐकतात. खर्चाला पैसे द्यायचे तर महिन्याचे ठरवून वेगळे द्या, कामाशी त्यांची गाठ घालू नका. मग कामं वाटून घ्या. त्यात आपलं ताट उचलणं येतं, अंथरूण काढणं येतं, पाणी आलं की टाकी भरणं येतं. याला कुणी शाबासकी देत बसायचं नाही. चार-सहा आठवडे कुरकुर होईल. होऊ द्या.

आणि हो, मुलीचं. ‘न सांगता सगळं करते’ असं तुम्ही कौतुकानं लिहिलंत. खरंच न सांगता करते का? पाहुणे आले की पाण्याचा तांब्या आणायला पहिली हाक कुणाला जाते? माझ्या अंदाजानं तिला सांगणं इतकं लवकर सुरू झालं की आता सांगितल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलाला मात्र तेराव्या वर्षापर्यंत कुणी हाक मारली नाही, आणि मारली तेव्हा सोबत दहा रुपये ठेवले. दोघांना एकाच मापानं मोजा. तिला कधीतरी ‘आज राहू दे, जा खेळायला’ असं म्हणा. कुणी मागितलं म्हणून आपला सगळा वेळ देऊन टाकायचा नसतो, हे मुलींना लहानपणीच कळायला हवं.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांच्या वेळी शिकवावं लागत नव्हतं हे खरं, कारण गावाची घडीच तशी होती. सावड होती. आज तुमच्या रानात खुरपणीला चार घरच्या बाया, उद्या त्या घरच्या रानात तुम्ही. कुणाचं काम फारच मागं पडलं तर गाव इर्जिकेला गोळा व्हायचं, आणि ज्याचं रान तो जेवण घालायचा. जो दुसऱ्याकडे गेला नाही, त्याच्याकडे कुणी यायचं नाही. लेकरं आईच्या मागं मागं बांधावर असायची आणि बघत बघत शिकायची. (ही घडी सगळ्यांना सारखी नव्हती. काही घरांच्या वाट्याला सावड न येता बिनमोल राबणंच आलं, हेही मुलांना सांगायला हवं.) फ्लॅटमध्ये बांध नाही, म्हणून तेच शिक्षण जाणूनबुजून द्यावं लागतं. सासूबाईंनाच नातवाला सावडीची गोष्ट सांगायला लावा. तुम्ही सांगितलं तर तो उपदेश होईल, त्यांनी सांगितली तर गोष्ट.

शहरात असं काही नसतंच, असंही नाही. २०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तुमचा मुलगा तेव्हा अगदी लहान होता. त्या वर्षी तुमच्या घरात पाणी कसं भरलं, कुणी कुणाला घागर दिली, कोण भांडलं, हे त्याला सांगा. त्याच्याच शहराची गोष्ट आहे.

त्याच्या वडिलांच्या काळजीत तथ्य आहे. लातुरात राहून दहावीचं ओझं नाकारून चालत नाही. पण आठवड्यातले दीड-दोन तास गेले म्हणून कुणाचे मार्क बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि मोबाइलवर त्याहून जास्त जातात. त्यांना एवढंच विचारा, दुकानात हमालाला चक्कर आली तर ते आधी पट्टी लिहून पूर्ण करतात की उठतात? उठत असतीलच. मग एखाद्या रविवारी मुलाला सोबत नेऊन त्यांनी स्वतःच ते दाखवावं. बाप जे करतो ते मुलगा बघतो. आईनं सांगितलेलं नुसतं ऐकतो.

सक्ती की सोडून देणं, या तुमच्या प्रश्नावर माझं मत असं. घरातल्या वाट्याच्या कामाला सक्ती असावी, त्यात सवलत नको. घराबाहेरच्या मदतीत निवड त्याची असावी. कुठे, कुणाला, काय, हे त्यानं ठरवावं. फक्त एकदा ‘येतो’ म्हटलं की शब्द पाळायचा. कंटाळा आला तर सोडायची मुभा आहे, पण ‘मी आता येणार नाही’ हे त्यानं स्वतः त्या माणसासमोर उभं राहून सांगायचं. तुम्ही फोन करून निरोप द्यायचा नाही. बरीच मुलं एवढ्यानंच टिकतात. सांगायला जातात आणि तिथंच थांबतात.

मराठवाड्यातून असेच प्रश्न घेऊन बऱ्याच जणांची पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठीही थोडं लिहिते.

बीड, धारूर, केज, वडवणी, शिरूर कासार या भागात तुमची मुलं शिकत असतील, तर दसरा-दिवाळीनंतर वर्गातले बाक रिकामे होतात. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी राहतात, काही बैलगाडीत बसून फडावर जातात. ती परत येतात तेव्हा वर्ग चार-पाच महिने पुढे गेलेला असतो. आपल्या मुलाला म्हणा, बाकावरच्या मित्रासाठी एका विषयाची दुसरी वही लिही. एकच विषय, पण रोज. मित्र आला की ती वही द्यायची आणि बदल्यात त्यानं पाहिलेला कारखाना, चालवलेली गाडी, तोडलेला ऊस हे ऐकून घ्यायचं. त्याला जे माहीत आहे ते आपल्या मुलाला माहीत नाही.

नांदेडच्या वाचकांना मी काय सांगणार? सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कुणीही डोकं झाकून, हात धुऊन पोळ्या लाटायला किंवा ताटं घासायला बसू शकतं. जोडाघरात भाविकांच्या चपला सांभाळणारा माणूस गावात मोठा व्यापारी असू शकतो. तिथं वाढणारा आणि जेवणारा यांच्यात उंच-नीच राहत नाही, म्हणून मुलांना ते काम आवडतं. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईकडून जाते, पैठणहून नाथांची निघते. वारकऱ्यांचे पाय दाबून देणं, तेल लावणं दहा वर्षांच्या मुलालाही जमतं, आणि दिवसभर चाललेल्या माणसाची टाच हातात घेतल्यावर त्याला जे कळतं ते आपण बोलून कळत नाही. चैत्र-वैशाखात घरासमोर एक रांजण ठेवा. सकाळी तो घासून भरायचा, वरचं फडकं ओलं ठेवायचं, रोज. पाच-सहा वर्षांचं लेकरूसुद्धा फडकं ओलं करतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, जालन्याकडे शेतं खरवडून नेणारे पूर आले, तेव्हा अनेक शाळांत शिधा भरायला मुलं पुढं झाली. अशा वेळी मुलांनी गावात राहून पिशव्या भराव्यात, याद्या लिहाव्यात. पाण्यात किंवा पडक्या घरांत त्यांना नेऊ नका. रक्तदान अठरानंतरच. आणि एरवीही कुठल्याही संस्थेत, कुणाच्याही घरी मुलाला पहिल्यांदा एकटं पाठवू नका. आधी तुम्ही जाऊन या, तिथली माणसं बघा, आणि ‘मला तिथं बरं वाटत नाही’ असं तो म्हणाला तर कारण न विचारता आधी घरी आणा. चांगल्या कामाच्या ठिकाणी वाईट काही घडणारच नाही, अशी खात्री कुणालाच देता येत नाही.

ताई, तुम्ही आज संध्याकाळी काय करायचं ते सांगते. तो खाली गेला की गॅलरीतून हाक मारू नका. सायकलची वेळ आणि अभ्यासाची वेळ दोघांनी मिळून ठरवायला उद्याचा दिवस आहे. आज घरातला पाना घेऊन तुम्हीच खाली उतरा. त्या लेकराचे पाय टेकत नाहीत असं लिहिलंय ना, सीट दोन बोटं खाली घ्यावी लागेल. नट गंजलेला असला तर थोडं तेलही लागेल.